जुनी मोटार ओळखण्याची सोपी विद्या
बेळगाव–निपाणी भागातील नवशिक्यांसाठी प्रवेशिका

पक्षी बघायचे तर पहाटे उठावं लागतं, गड चढायचे तर गुडघे शाबूत लागतात. जुन्या मोटारी बघायला मान वळवता येणं आणि हातातलं काम अर्धवट सोडता येणं एवढी पात्रता पुरे. बेळगाव, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यात ती बहुतेकांच्या अंगी जन्मतःच असते. फक्त तिला वळण लागावं म्हणून हे धडे.

धडा १ : साहित्य

एक वही, एक पेन आणि एक सोबती. सोबत्याला घाई नसावी आणि त्याची बायको त्याला फोन करणारी नसावी. दुर्बीण आणू नये. बेळगावच्या कॅम्पात, मराठा लाइट इन्फंट्रीच्या आवाराच्या आसपास दुर्बीण लावून उभं राहिलात तर गाडी नक्की बघायला मिळेल, पण ती नवी असेल आणि तुम्ही आत बसलेले असाल.

वाहन म्हणून दुचाकी घ्यावी आणि ताशी चाळीसच्या आत चालवावी. राष्ट्रीय महामार्गावर वेळ घालवू नये. तिथं पळणाऱ्या गाड्या बहुतेक अजून हप्त्यावर असतात. जुन्या गाडीचा मालक शहाणा असेल तर तो महामार्गावर येत नाही. शहाणा नसेल तर गाडीच त्याला वंटमुरी घाटात थांबवते आणि पाणी मागते.

धडा २ : जागा

जुना पी. बी. रोड हे या विद्येचं आद्यपीठ. पुणे–बंगळूर महामार्ग संकेश्वर आणि निपाणीच्या बाहेरून निघून गेला, जुना रस्ता गावातच राहिला. जे बाहेरून निघून गेले त्यांच्यामागे आपण जायचं नाही, एवढं तत्त्व धरलं तरी अर्धी विद्या आली.

बेळगावात कॅम्पातल्या बंगल्यांचे पोर्च बघावेत, पण चालता चालता. कुंपणावरून वाकून बघणाऱ्याचं कुत्र्यांशी जमत नाही. टिळकवाडीत रेल्वे गेट पडलं की दोन्ही बाजूंच्या गाड्या तुमच्यासाठी रांगेत उभ्या राहतात. अशी फुकटची सोय दुसऱ्या शहरात मिळणार नाही. उद्यमबागेत फाउंड्र्या आणि लेथवाले आहेत. बाजारातून कधीच हद्दपार झालेला सुटा भाग नमुना दाखवून करून घ्यायला माणसं तिथं येतात, आणि भागामागे कुठंतरी गाडी असतेच. निपाणीत तंबाखूच्या वखारी. संकेश्वरला हिरण्यकेशी, निपाणीला हालसिद्धनाथ असे साखर कारखाने. कारखाना दिसला की परिसरात एखादी पांढरी अँबॅसडर उभी असेल असं धरून चालावं. नसली तर ती गॅरेजात असेल, म्हणजे तिकडे जावं.

धडा ३ : पासिंग

नवशिका आधी गाडीचं तोंड बघतो. जाणकार आधी नंबर बघतो आणि विचारतो, "पासिंग कुठलं?"

केए-२२ बेळगाव, केए-२३ चिकोडी, केए-२४ बैलहोंगल, केए-४९ गोकाक, आणि हद्द ओलांडली की एमएच-०९ कोल्हापूर. हे सगळे १९८९ नंतरचे आकडे, म्हणून आपल्या दृष्टीनं कालचे. खरी मजा त्याआधीच्या अक्षरांत. एमवाय, एमई, सीए, सीएन यांनी सुरू होणारे नंबर म्हैसूर–कर्नाटकचे. बीएम, बीएल, बीवाय मुंबईकडचे. जीडी दिसलं तर गाडी चोर्ला किंवा आंबोली चढून गोव्यातून आलेली.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यावी. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, मग म्हैसूर राज्यात गेलं, १९७३ साली त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं आणि २०१४ साली शहराचं नाव अधिकृतपणे बेळगावी झालं. १९५० साली खडेबाजारातल्या एखाद्या व्यापाऱ्यानं गाडी घेऊन अंगणात लावली असेल, तर तिनं हे सगळं जागेवरून न हलता पाहिलं. आर. सी. बुकातले शिक्के बघावेत. इतिहासाच्या पुस्तकात एवढं थोडक्यात कुणी सांगत नाही.

एमएच-०९ ची गाडी वर्षानुवर्षं बेळगावात दिसली तर चौकशी करू नये. ती पाहुण्यांची असते. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात राहिलेल्या गाडीची तिथं नव्यानं नोंदणी करावी लागते, आणि पाहुणे नेमके अकराव्या महिन्यात कोल्हापूरला जाऊन येतात.

२०२१ पासून आणखी एक पाटी दिसू शकते: मधे 'व्हीए' अक्षरं असलेली. पन्नास वर्षांवरची, मूळ रूप न बदललेली गाडी केंद्राच्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये. मग ती गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. म्हणजे पंपावर जायला परवानगी, पंपाशेजारच्या मंडईत जायला नाही.

धडा ४ : जाती आणि लक्षणं

अँबॅसडर. सर्वत्र आढळते, म्हणून नवशिके तिच्याकडे बघत नाहीत. बघावं. मार्क टू १९६३ ची, मार्क थ्री १९७५ ची, मार्क फोर १९७९ ची. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली थांबला. मागच्या मडगार्डला बारीक शेपटी फुटलेली असेल तर अँबॅसडर. पाठ साफ गोल असेल तर जागीच थांबावं, ती तिच्या आधीची लँडमास्टर असण्याचा संभव आहे. 'अँबॅसडरच आहे ओ' असं सोबती म्हणाला तर सोबती बदलावा.

डुक्कर फियाट. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्यात बांधलेली, १९५० च्या दशकातली फियाट ११००. गिअर स्टिअरिंगला. पुढची दारं उलटी उघडतात, म्हणून उतरणारा माणूस आधी पाठीमागून येणाऱ्या बसला दिसतो आणि मग बस त्याला दिसते. तिच्याच वंशात पुढं डिलाइट आणि १९७० च्या दशकात पद्मिनी. मुंबईत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली तेव्हा लोकांचे डोळे भरून आले. आपल्याकडे ती अजून लग्नाचं सामान आणते, म्हणून कुणाला रडू येत नाही.

स्टँडर्ड हेराल्ड. मद्रासची. बोनेट उघडताना मडगार्डांसकट अख्खं तोंड पुढं कलतं. मेस्त्री चाकावर बसून इंजिनात हात घालताना दिसला तर हेराल्ड. चार दारांची असेल तर वहीत दोनदा रेघ ओढावी. ती चार दारांची आवृत्ती भारतातच निघाली.

जोंगा. निसानच्या 'पॅट्रोल' या गाडीवरून जबलपूरला लष्करासाठी बनवलेली. लिलावातून सुटून शेतावर आलेली आढळते. तिचं पेट्रोल पिणं पाहून शेतकऱ्यानं तिच्यात दुसरंच डिझेल इंजिन बसवलेलं असतं. याला गुण कापू नयेत.

सिपानी बादल. बंगळूरची, फायबरच्या अंगाची, चाकं तीन. १९७० च्या दशकात निघाली आणि थोड्या वर्षांत गेली. दिसली तर आधी चाकं मोजावीत. चार भरली तर तो तुमचा भास आहे.

टेंपो हन्सियाट. पुढं एक चाक, लांब नाक. मोटार नाही, पण एकेकाळी बाजारपेठेत पाय ठेवायला जागा नसे इतक्या होत्या. आज एक शोधून दाखवावी. जी गाडी दारोदार होती ती कुणीच जपून ठेवली नाही. महाराजांची मात्र जपली. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दरवर्षी दसऱ्याला दसरा चौकात येते. तिला ओळखण्यात काही कौशल्य नाही, सगळं कोल्हापूर ती बघायला उभं असतं.

मीरा. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी स्वतः आखून बांधलेली छोटी मोटार. पहिला नमुना १९४९ चा. पुढं कितीतरी वर्षं ते नवे नमुने करत राहिले, पण कारखान्यातून ती कधी बाहेर पडली नाही. सामान्यांच्या छोट्या गाडीचं स्वप्न देशानं पाहिलं, त्याच्या आधी इचलकरंजीत त्याला चाकं लागली होती. निपाणीच्या रस्त्यावर मीरा समोरून आली तर हे मार्गदर्शक इथंच बंद करावं आणि पुढचे धडे तुम्ही लिहावेत.

धडा ५ : हंगाम

जून ते सप्टेंबर हंगाम बंद. बेळगावच्या पावसात जुनी गाडी आतून भिजते, कधीकधी बाहेरच्यापेक्षा जास्त.

सर्वोत्तम दिवस खंडेनवमी. त्या दिवशी चाक असलेली प्रत्येक वस्तू धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडूचा हार घालून दारात उभी राहते. एरवी बारा महिने ताडपत्रीखाली असलेली गाडीही धक्का मारून बाहेर काढतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि दोन फूट पुढं ढकलतात. लिंबू चिरडलं की वर्षाचं काम झालं. गल्लीगल्लीतून चालत फिरावं. प्रसाद मिळतोच.

दुसरा हंगाम मार्गशीर्षातला. सौंदत्तीच्या यल्लम्माला कोल्हापूरकडून जाणारी मंडळी याच वाटेनं जातात. त्यांच्यातली जुनी मॅटॅडोर चुलीच्या सामानामागे लपलेली असते. पातेल्यांच्या आवाजावर न जाता इंजिनाच्या आवाजावर जावं.

धडा ६ : मालकाशी बोलण्याची रीत

गाडीच्या जवळ जाऊन आधी गप्प उभं राहावं. हात लावू नये. मालक बाहेर येतो.

"कुठनं आलासा?"

"बेळगावासनं. गाडी बघत होतो."

"बघा की. अट्ठावन्नचं मॉडेल हाय."

"चालू आहे?"

"चालू हाय की. खरं चालवत नाही."

इथं मान हलवावी. 'का' विचारू नये. चहा येतो, तो नाकारू नये. मालक कन्नड बोलणारा असेल तर "गाडी भाळ छलो ऐत्री" एवढ्यावर काम होतं. पुढचं तो मराठीत सांगतो आणि आपण कन्नडात मान डोलावतो.

कधीही विचारू नये असा एक प्रश्न: "देणार काय?" हा प्रश्न विचारणारे दर महिन्याला दोघे-तिघे येऊन गेलेले असतात. तो ऐकला की मालकाला गाडीची किंमत कळते, दुसऱ्या दिवशी ती दुप्पट होते आणि तिसऱ्या दिवशी शेडला कुलूप लागतं.

धडा ७ : शेडमधली गाडी

सर्वांत दुर्मीळ गाड्या रस्त्यावर नसतात. त्यांच्यापर्यंत पोचायला ओळख लागते, आणि ओळख बहुधा मेस्त्रीची.

निपाणीतली एखादी जुनी वखार घ्या. मागच्या पडवीत पत्र्याच्या भोकांतून ऊन येतं, त्यात तंबाखूची धूळ तरंगते. ताडपत्रीच्या चार कोपऱ्यांवर विटा. उचलली की आधी शिंका येतात, मग गाडी दिसते: डुक्कर फियाट. चाकं बसलेली, काचा मात्र शाबूत. बोनेटवर गेल्या खंडेनवमीचा हार, पाकळ्या गळून नुसता दोरा उरलेला. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली, आणि ती तुमच्यासाठी उठत नाही. दाराची किल्ली थोरल्याकडे, इंजिनाची धाकट्याकडे, आर. सी. बुक आत्याच्या कपाटात. थोरला म्हणतो, गाडी वडिलांनी मला दिली. धाकटा म्हणतो, पेट्रोल मी घातलं. आत्या काही म्हणत नाही, कपाटाला कुलूप घालते.

नवशिक्याला वाटतं, केवढं प्रेम म्हणून गाडी इतकी वर्षं ठेवली! प्रेम असलेल्या घरांत सगळ्यांचं एकमत झालं, गाडी विकली, पैसे सारखे वाटले आणि त्या पत्र्याच्या कधीच बादल्या झाल्या. इथं वाटणी झाली नाही म्हणून गाडी आहे. आपल्या भागात ज्याचा निकाल लागत नाही ते टिकतं. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. वखारीतला दावा त्याहूनही जुना असू शकतो आणि तारखा दोन्हीकडे पडतात. तोवर गाडीचा ताबा कोंबडीकडे.

म्हणून मोटारनिरीक्षकानं भावाभावांत समेट घडवायला जाऊ नये. दोघांचं ऐकावं, दोघांचं पटल्यासारखं दाखवावं आणि ताडपत्री होती तशी लावून, विटा ठेवून निघावं.

स्वाध्याय

प्र. १. रिकामी जागा भरा: रेल्वे गेट पडल्यावर जुन्या गाडीचं ______ बंद करू नये, परत सुरू होईलच असं नाही.

प्र. २. जोड्या लावा: थोरला, धाकटा, आत्या, कोंबडी — आर. सी. बुक, ताबा, दाराची किल्ली, इंजिनाची किल्ली.

प्र. ३. कारणे द्या: एमएच-०९ ची गाडी पाहुण्यांची असूनही पाहुणे कधी दिसत नाहीत.

प्र. ४. १९५० साली बेळगावात घेतलेली गाडी अंगणातून न हलता किती राज्यांत राहिली? कच्चं काम समासात दाखवा.

प्र. ५. दोन्ही भावांनी उद्या हात मिळवले, तर गाडी किती दिवसांत भंगारात जाईल? हात मिळवावेत असं तुम्हाला मनापासून वाटतं का? प्रामाणिक उत्तराला पैकीच्या पैकी गुण. उत्तरपत्रिका भावांना दाखवू नये.