सुटला तरी आऊट

यवतमाळ जिल्ह्याच्या १६ तालुक्यांत क्रिकेटचे नियम न येणारा माणूस शोधून सापडायचा नाही. बेसबॉलचे नियम येणारा मात्र शोधावाच लागतो. सापडला की तो हमखास कुठल्यातरी शाळेचा पीटीचा मास्तर निघतो आणि शालेय स्पर्धेत तोच पंच असतो. त्याला नाव कशाला हवं? तो 'सर'.

सर सकाळीच मैदानावर हजर. काळ्या मातीवर फक्कीनं डायमंड आखलेला असतो, पण सरांचा फक्की मारणाऱ्या शिपायावर विश्वास नाही. पुस्तकात दोन बेसमध्ये ९० फूट लिहिलेत म्हणजे ९० फूट. टेप घेऊन स्वतः वाकतात. होम प्लेट ब्रशनं अशी झटकतात की घरच्या देव्हाऱ्याला हेवा वाटावा. आणि मग १४ वर्षांखालचं पहिलं पोट्टं चेंडू टोलवतं आणि बॅट हातात घेऊनच पळत सुटतं. क्रिकेटचं रक्त, दुसरं काय!

सरांची खरी परीक्षा इनफिल्ड फ्लायला. पहिल्या-दुसऱ्या बेसवर धावपटू उभे, बाद कोणी नाही. चेंडू उंच उडतो. तो खाली यायच्या आत सर बोट वर करून बॅटर आऊट जाहीर करतात. चेंडू येतो, पोराच्या ग्लोव्हमधून निसटून पायाशी पडतो. लगेच एक बाप दोरीच्या आत.

"सर, कॅच सुटला नं! मंग आऊट काऊन?"

"सुटला तरी आऊट."

"आन् झेलला असता तं?"

"तरी आऊट."

"मंग झेलाचा कायले?"

सर समजावतात. झेल घेतला जाईल म्हणून धावपटू बेसला चिकटून राहतात. अशा वेळी क्षेत्ररक्षकानं मुद्दाम चेंडू पाडला, तर त्यांना पळावं लागेल आणि दोघं फुकट बाद होतील. ही लबाडी होऊ नये म्हणून हा नियम.

"मुद्दाम? सर, त्या पोट्ट्याले झेलताच येत नाई!"

इथे सर क्षणभर अडतात, कारण बाप नकळत पुस्तकातल्या नेमक्या जागी पोचलेला असतो. साध्या प्रयत्नात झेलता येण्यासारखा चेंडू हवा, अशी नियमाची अट आहे. आता निम्म्या संघाला ग्लोव्ह कालच पहिल्यांदा मिळालेला. साधा प्रयत्न कोणाचा धरायचा? ते पंचानं ठरवायचं. सर ठरवतात. नियम लिहिणाऱ्यांनी असला सामना पाहिला नसावा, असं माझं मत आहे; सरांपुढे मी ते बोललेलो नाही.

याहून मोठा छळ वेगळाच. धावपटू दुसरा बेस हुकवून तिसऱ्यावर पोचतो. सरांनी ते स्वच्छ पाहिलेलं असतं. पण क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघानं अपील करेपर्यंत पंचानं गप्प राहायचं, असं पुस्तक सांगतं. प्रार्थनेच्या रांगेत वाकडं उभं राहिलेलं पोरगं ज्यांच्या नजरेतून सुटत नाही, त्या माणसानं गप्प राहायचं! सर आकाशाकडे बघतात, इंडिकेटर उगाच चाळवतात. प्रशिक्षक सामना सोडून सरांचा चेहरा वाचत बसलेले असतात. पुढचा चेंडू पडला की अपीलची संधी गेली. सर सुस्कारा सोडतात.

त्यात सवलतीच्या गुणांवर डोळा ठेवून आलेले पालक असतात. ते एकेका आऊटचा हिशोब थेट दहावीच्या टक्क्यांत मांडतात. स्ट्राइक की बॉल, सेफ की आऊट, या निवाड्यावर हरकत चालत नाही. नियम चुकीचा लावला असेल तरच प्रशिक्षकाला बोलता येतं. सर हे प्रत्येकाला सांगतात. ऐकत कोणी नाही, पण निकाल बदलतही नाही.

तुम्ही सामना बघायला गेलात, तर एवढंच करा: चेंडू आणि धावपटू बेसवर एकदमच पोचले तर काय, हे सरांना विचारू नका. पहिल्या बेसला बॅटरसाठी पुस्तक एक शब्दरचना वापरतं, पुढच्या बेसला धावपटूसाठी दुसरी, आणि दोन्हींतून उलटी उत्तरं निघतात. सरांना दोन्ही पाठ आहेत. सांगून संपेपर्यंत तुमची शेवटची एसटी निघून गेलेली असेल.