सातखांडीचा तरीवाला

परदेशी देवांचे फार हाल असतात. आपण देवाला छळून छळून किती छळणार, तर नवस फेडायला उशीर करणार. तिकडे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या नियमांचं नवं पुस्तक निघालं, की देवांच्या थेट जिवावर बेततं.

‘फॉरगॉटन रेल्म्स’चंच बघा. एड ग्रीनवुड नावाच्या कॅनेडियन गृहस्थाने लहानपणी मनात रचलेलं हे जग 1987 मध्ये या खेळासाठी बाजारात आलं. दोनच वर्षांत नियमांची दुसरी आवृत्ती निघाली. आता नियम बदलले, तर ते का बदलले हे त्या जगातल्या रयतेला कळायला नको? म्हणून देवांना स्वर्गातून हाकलून जमिनीवर धाडलं. त्या धामधुमीत जादूची देवी मिस्ट्रा मेली. नव्या पुस्तकात मारेकऱ्याचा पेशाच ठेवला नव्हता, तर कथेत एका दुष्ट देवाने मारेकऱ्यांचा घाऊक निकाल लावला. 2008 मध्ये चौथी आवृत्ती आली, तेव्हा मिस्ट्राच्या गादीवर बसलेल्या बाईचाही खून झाला, जादूचीच साथ पसरली आणि पंचांग शंभरेक वर्षं पुढे ढकललं गेलं. 2014 ला पाचवी येईपर्यंत जुनं गिऱ्हाईक रुसलं होतं. मग बरंचसं पुन्हा होतं तसं करून दिलं, मिस्ट्रासकट.

आमच्या धरमतरला बदल असे वाजतगाजत येत नाहीत. 1981 साली कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला. कचेरीतले रबरी शिक्के बदलले, देव जागच्या जागी. राष्ट्रीय महामार्ग 17 चा 66 झाला. खड्ड्यांनी आपला मुक्काम हलवला नाही. एके काळी मुंबईहून आगबोट यायची, ती बंद झाली. अंबा नदीवर पूल झाला. डोलवीचा इस्पात 2010 मध्ये जेएसडब्ल्यूकडे गेला, तरी ‘इस्पातला जायचंय’ म्हटल्यावर रिक्षावाल्याला कळतं. एकाही देवीचा बळी द्यावा लागला नाही.

हे सगळं आठवायचं कारण ‘सातखांडी’. कॉलेजात असताना मी आणि माझ्यासारख्याच दोन-तीन रिकामटेकड्यांनी मिळून रचलेलं हे राज्य, म्हणजे नाव बदललेला खारेपाट. मधे खाडी, दोन्ही तीरांना बांध, बांधाआड भातशेती, आणि उधाणाला बांध फुटून पडलेल्या सात खांडी, एकेका खांडीत एकेक भूत. पाण्यात गिऱ्हा, वडावर मुंजा, पाणी सोडायच्या उघाडीच्या दारापाशी हडळ. राजा होता, पण त्याला कोणी विचारत नसे. खरी सत्ता तरीवाल्याकडे, कारण खाडी ओलांडायची तर त्याच्याच होडीतून. हे राज्य 2003 च्या साडेतीन आवृत्तीच्या नियमांवर उभं होतं. (हो, साडेतीन. मुहूर्तही साडेतीनच असतात, म्हणून आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.) आता भाची आणि भाचा यांनी 2024 चं नवं पुस्तक आणलं आणि फर्मान सोडलं, ‘मामा, सातखांडी खेळायची, पण या नियमांनी.’

आकडे बदलणं हा हमालीचा भाग, तो उरकला. अडचण अशी, की नियम नुसते नियम नसतात, त्यांच्यावर लोकांची पोटं असतात. जुन्या नियमांत दिवा लावायचा मंत्रसुद्धा दिवसाला मोजूनमापून मिळे, म्हणून सातखांडीत मशाली विकणाऱ्यांची एक आळीच होती. नव्या नियमांत पहिल्या पायरीचा पोरगेला जादूगारही रात्रभर फुकट उजेड पाडतो. आळी बसली. पूर्वी जखमी माणूस रात्रभर झोपला तर आपल्या पायरीपुरता चिमूटभर बरा व्हायचा. आता रात्री आतडी हातात घेऊन झोपलेला सरदार सकाळी टुणटुणीत उठून पोहे मागतो. वैदूने काय करायचं? त्याला मी पोह्यांची गाडी टाकून दिली.

सगळ्यात मोठा घाव तरीवाल्यावर. साडेतीनच्या काळात चिलखत घालून पाण्यात उतरलं, की चिलखताचा दंड पोहण्याला दुप्पट लागे. सरदार बुडत, म्हणून होडीचं भाडं देत. नव्या पुस्तकात पोहणं म्हणजे नुसतं सावकाश चालणं. पाणी शांत असेल तर फासाही टाकायला नको. मणभर लोखंड अंगावर घेतलेला वीर जिताड्याच्या बरोबरीने खाडी पार करतो! हे लिहिणाऱ्याने ओहोटीला आमच्या खाडीत एकदा पाय घालून बघावा. चप्पल तर गेलीच, पायही परत मिळेल याची खात्री नाही.

राक्षसाची कथा वेगळीच. या खेळात आपला राक्षस 1970 च्या दशकापासून आहे. वाघाचं तोंड, अंगात झगा, तोंडात चिलीम, आणि दोन्ही तळहात उलटे. आपल्याकडे भुतांचे पाय उलटे असतात. सातासमुद्रापलीकडे जाताना बोटीत कुठेतरी उलटेपणा वरच्या अंगाला सरकला असावा. सातखांडीत आम्ही तो आधीच पायांवर परत आणला होता. तिथे बागडूबुवा नावाचा अर्धराक्षस होता, आई खालच्या आळीतली, वडील वडावरचे. आता नव्या मुख्य पुस्तकाने अर्धे एल्फ आणि अर्धे ऑर्क गाळून टाकलेत. हा ऑर्क म्हणजे त्यांच्याकडचा घरगुती राक्षस. तो पूर्ण असेल तर पंगतीला बसू शकतो. भाचा म्हणाला, ‘मग बागडूबुवा पण पूर्णच करूया.’ मी विचारलं, ‘आणि त्याची आई?’ त्यावर पुस्तक गप्प बसलं. बागडूबुवा अर्धाच राहिला.

डावात मांडायच्या मूर्तींचा प्रश्न मात्र चुटकीसरशी सुटला. आमचा तालुका पेण. अमेरिकेतून प्लॅस्टिकचे बोटभर ड्रॅगन मागवायचे आणि हाकेच्या अंतरावर गणपतींचे कारखाने, हे लाजिरवाणं होतं. हमरापूरच्या एका कारागीर मित्राने उरलेल्या शाडूत ड्रॅगन करून दिला. खवले, पंख, नखं, सगळं अप्रतिम. पण आखणी करताना हात सवयीवर गेला. ड्रॅगनच्या डोळ्यांत असं काही वात्सल्य उतरलं, की पहिल्याच डावात भाचीने तलवार म्यान केली आणि आधी त्याच्या पायांशी एक सोन्याचं नाणं ठेवलं. पुस्तकात या प्राण्याच्या भीतीने वीर कसे गारठतात याचे सविस्तर नियम आहेत. भक्तीने गारठले तर काय, हे नाही.

राहिला सातखांडीतला देवऋषी आबा. तो आमच्याही आधीचा, दुसऱ्या आवृत्तीतला. तेव्हा थॅको नावाचं गणित होतं. चिलखत जितकं भारी तितका त्याचा आकडा लहान, आणि शून्याखाली गेलं तर उत्तमच. 2000 साली तिसऱ्या आवृत्तीने हे सरळ केलं. पण आबाला कोण सांगणार? आपल्याकडेही 1957 च्या एप्रिलमध्ये नये पैसे आले, एका आण्याचे सव्वासहा पैसे होऊ लागले, तक्त्यात दोन आण्यांचे 12 लिहून वरचा अर्धा पैसा गिळला गेला. त्यानंतर कित्येक वर्षं म्हाताऱ्यांनी ‘आठ आणे’ सोडले नाहीत, आणि भात तर अजून खंडीनेच बोलतात. म्हणून सातखांडीत मी प्रलय आणला नाही. आबा थॅकोने हिशेब करतो, तरणे पुस्तकाने करतात, उत्तर सहसा एकच येतं आणि भांडण तरीही होतं. भर मात्र एकाच नियमाची घातली. खाडीला ओहोटी असेल, तर चिखल.

भाचीची सरदारीण चिलखतासकट उतरली, पुस्तक दाखवत. अर्ध्या वाटेवर कमरेपर्यंत रुतली. तरीवाला होडी घेऊन सावकाश आला, बिडी पेटवली आणि म्हणाला, ‘सहा आणे.’

‘म्हणजे किती?’

भाच्याने मोबाइल काढला. ‘साडेसदतीस पैसे. पण पुस्तकात लिहिलंय, अपूर्णांक आला तर खाली उतरवायचा. सदतीस.’

‘ते पुस्तक पुलाच्या पलीकडे,’ तरीवाला म्हणाला. ‘आणि भरती यायला लागली, आता आठ आणे.’

‘मामा, हे चीटिंग आहे!’

‘मामा कोण? मी तरीवाला. चिलखताचे वेगळे पडतील.’