सहावा सिलिंडर

वापरलेलं, खास वेगासाठी बांधलेलं आउटबोर्ड इंजिन घेऊ नकोस, असं मला सांगणाऱ्या माणसांना माझी खरी काळजी आहे. नवं फोर-स्ट्रोक घे, म्हणतात. वॉरंटी मिळते, किल्ली फिरवली की चालू होतं, पेट्रोल कमी खातं, धूर नाही. यातलं एकही विधान खोटं नाही. तरीही ज्याचा पाण्यावर, वेगावर आणि यंत्रावर सारखाच जीव आहे, त्याने आयुष्यात एकदा तरी जुनं टू-स्ट्रोक व्ही-सिक्स घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. खर्चाचा पूर्ण हिशेब समोर ठेवून मी ते मांडतो आहे.

मी विस्कॉन्सिनमध्ये, विनेबागो तलावाच्या दक्षिण टोकाला राहतो. गावाच्या फ्रेंच नावाचा, फॉन्ड डू लॅकचा, अर्थच तलावाचं टोक. आउटबोर्डचं वेड लागायला पृथ्वीवर याहून योग्य जागा नसेल. इथून दक्षिणेला मिलवॉकीत ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने १९०९ साली आपलं आउटबोर्ड बाजारात आणलं: दीड हॉर्सपॉवर, वजन ६२ पौंड. उन्हाळ्यात तलावापलीकडून बेससाठी, पुढे जी त्याची बायको झाली तिच्यासाठी, आइस्क्रीम वल्हवत आणताना ते वितळलं आणि त्यातून ही कल्पना सुचली, असं सांगतात. मर्क्युरी या आउटबोर्ड कंपनीचं मुख्यालय तर आमच्याच गावात. पण त्या कंपनीच्या जन्माची गोष्ट मला त्याहून जवळची वाटते. १९३९ साली कार्ल किकहेफरने सीडरबर्गमधला एक बुडालेला कारखाना घेतला, तेव्हा त्याला आउटबोर्ड बनवायचीच नव्हती. कारखान्यात माँटगोमेरी वॉर्ड या कंपनीने परत पाठवलेली सदोष इंजिनं पडून होती. ती त्याने दुरुस्त करून दिली. गिऱ्हाइकाला ती इतकी आवडली की आणखी मागणी आली. दुसऱ्याने नाकारलेलं इंजिन उघडून बसणं ही या धंद्यातली जुनी आणि मानाची रीत आहे.

माझं इंजिन मी एका शेतावरच्या गोठ्यातून उचललं. अडीच लिटर, २०० हॉर्सपॉवर, वजन सुमारे ४०० पौंड. वय माझ्या लग्नापेक्षा जास्त. मालकाने सहाही प्लग काढू दिले आणि मी एकेका भोकात कॉम्प्रेशन गेज लावून स्टार्टर फिरवला. ११८, १२०, ११७, १२०, ११९. सहाव्याला ९६. सगळ्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असू नये, असा साधा नियम आहे. मी आकडे वहीत लिहिले, पुन्हा मोजले, पुन्हा ९६ आले. मग मी पैसे मोजले.

हा निर्णय मी आजही बरोबर मानतो. पाच सिलिंडर उत्तम होते आणि दुखणं सहाव्यात आहे, एवढं मला कळलं होतं. नव्या इंजिनाच्या किमतीच्या लहानशा हिश्शात मला एक नेमका प्रश्न मिळाला होता.

टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट होतो आणि तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पन्नासास एक असं प्रमाण धरलं, तर सहा गॅलनच्या टाकीत सुमारे सोळा औंस. ते तेल बेअरिंगांना वंगण देऊन जळून जातं आणि जाताना कार्बन मागे ठेवतं. तो पिस्टनच्या खाचेत साचला की रिंग जाम होते, सिलिंडरच्या भिंतीला टेकत नाही आणि दाब निसटतो. माझ्या सहाव्यात हेच झालं होतं. हे कळायला मला अख्खा हिवाळा लागला. बाहेर तलावावर गाड्या चालतील एवढा जाड बर्फ होता. मी गॅरेजमध्ये हीटर लावून, चेनपुलीने पॉवरहेड उचलून, रोज रात्री जेवण झाल्यावर तासभर बसत होतो.

त्या रात्रींतली एक गोष्ट सांगायलाच हवी. कनेक्टिंग रॉडची खालची टोपी कारखान्यात मुद्दाम तडकवून वेगळी केलेली असते. त्यामुळे तिची भेग खडबडीत असते आणि ती टोपी फक्त आपल्याच रॉडवर, एकाच दिशेने बसते. दुसऱ्या रॉडवर लावून पाहिली तर कडा जुळत नाहीत. आपल्यावर लावली आणि नखाने भेग चाचपली तर ती हाताला लागतही नाही. कुण्या कामगाराने किती वर्षांपूर्वी जुळवलेली ती जोडी माझ्या हातात पुन्हा तशीच बसली, तेव्हा मी टेबलाजवळ बराच वेळ नुसता उभा होतो. वॉरंटीच्या इंजिनात हे दिसत नाही, कारण ते उघडावंच लागत नाही.

पेट्रोलचा आक्षेप मात्र गंभीर आहे. पूर्ण थ्रॉटलला हे इंजिन तासाला वीसेक गॅलन, म्हणजे पंचाहत्तर लिटर पितं. कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये त्यातला मोठा वाटा न जळताच एक्झॉस्टमधून निघून जातो. याच कारणाने अमेरिकन सरकारने १९९६ साली नियम केले आणि टाहो तलावावर १९९९ पासून अशा इंजिनांना बंदीच आहे. ते नियम योग्य आहेत. मी पूर्ण वेगाने वर्षभरात मोजून काही मिनिटं जातो आणि थेंबही सांडू नये म्हणून भरताना फडकं धरतो. एवढ्याने पाप धुतलं जात नाही, हे मला ठाऊक आहे.

पण ती काही मिनिटं! विनेबागो सुमारे तीस मैल लांब आणि जेमतेम एकवीस फूट खोल आहे. एवढ्या उथळ पाण्यात वारा उठला की आखूड, उभ्या लाटा येतात, म्हणून सूर्य उगवायच्या आधी जायचं. किल स्विचची दोरी लाइफ जॅकेटला अडकवायची. ६,००० आरपीएम, २४ इंच पिचचा पंखा, १.८७ चा गिअर: कागदावर ताशी ७३ मैल. पंखा पाण्यात घसरतो त्याचे दहा टक्के वजा करा, पासष्ट उरतात. त्या वेगाला होडीचा फक्त मागचा थोडा भाग पाण्याला लागलेला असतो आणि ती या काठावरून त्या काठावर डोलू लागते. तेव्हा डोळ्यांआधी मनगटाला कळावं लागतं. ट्रिमचं बटण केसभर दाबायचं, स्टीअरिंग बोटभर. कान सहाही सिलिंडरांवर. त्या वेळी माझ्या डोक्यात नोकरी नसते, घराचा हप्ता नसतो.

माझा मामा रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरावर तांडेल होता. पहिल्यांदा इंजिन चालू झालं तेव्हा मी त्याला व्हिडिओ कॉल लावला. तो बराच वेळ ऐकत राहिला. "बरा वाजतोय रे," म्हणाला. "पण गरम झाल्याशिवाय पळवू नको. पिस्टन आधी फुगतो, मग सिलिंडर." चाळीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाने जे सांगितलं, तेच मॅन्युअलमध्ये अर्ध्या पानावर आहे. तेव्हापासून मी घाटाजवळ पाच मिनिटं नुसतं इंजिन चालू ठेवतो, मग धीम्या गतीने बाहेर पडतो.

परवा मोसमातली पन्नास तासांची फेरी पूर्ण झाली. इम्पेलरचं रबर बदललं, गिअरचं तेल काढून दिव्यासमोर धरलं. दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी शिरलेलं नाही. मग प्लग काढून पुन्हा गेज लावला. सहावा ११९. सगळ्यांत खालचा आता दुसरा, ११३. नियमात पूर्ण बसतो. तरी मी रिंगांचा एक सेट मागवून ठेवला आहे आणि तलाव गोठायला अजून चार महिने आहेत.