खिळा ठोकण्याचा हक्क

मनुष्याने भाड्याने देण्यासाठी दुसरे घर का घ्यावे, या प्रश्नाला अर्थशास्त्राने दिलेली सर्व उत्तरे चुकीची आहेत, असे माझे नम्र परंतु ठाम मत आहे. घराच्या किमतीच्या मानाने वर्षाचे भाडे शेकडा दोन-तीन रुपयांच्या फारसे वर जात नाही. त्यातून महापालिकेचा मिळकतकर, सोसायटीचा मासिक आकार, मालक स्वतः तेथे राहत नाही या अपराधाबद्दल सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतचा बिनभोगवटा आकार, एजंटाची दलाली आणि दोन बिऱ्हाडांच्या मधल्या रिकाम्या महिन्याचा खड्डा वजा जाता जे उरते, त्यापेक्षा बँकेतील मुदत ठेव अधिक देते आणि तिचा नळ रात्री अकरा वाजता गळू लागत नाही, हे आमच्या कुटुंबाने मला इसार देण्यापूर्वीच बजावले होते. तिचे गणित निर्दोष होते. परंतु ठेवपावतीकडे बोट दाखवून ‘हा आमचा दुसरा फ्लॅट’ असे व्याह्यांना सांगता येत नाही.

त्यातून माझी वासना पूर्वसंचितातली. सदाशिव पेठेतील एका वाड्याच्या दोन खोल्यांत आमचे बिऱ्हाड होते, आणि पहिल्या तारखेला वडील भाडे घेऊन निघाले की मी त्यांच्या मागोमाग जाऊन झोपाळ्यावर बसलेल्या मालकांकडे पाहत राही. त्यांनी चष्म्यावरून पाहत पावती फाडावी आणि वडिलांनी ती घडी घालून खिशात ठेवावी, या विधीत मालकांची बाजू मला विशेष आवडे. त्या झोपाळ्याखाली कायद्याने केवढा सुरुंग पेरला आहे, हे कळण्याचे ते वय नव्हते. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच १९४७ च्या कायद्याने प्रमाण मानल्यामुळे, पावसाळ्यात कौले गळू लागली की वडील मालकांना कायदा ऐकवीत आणि मालक वडिलांना जमाखर्च ऐकवीत. दोघांचेही बरोबर असल्यामुळे कौले गळतच राहत.

मी मालक झालो तेव्हा झोपाळा आणि वाडा दोन्ही इतिहासजमा झाले होते. हाती उरला तो करारनाम्याचा मसुदा. त्यात ‘भिंतीस खिळा ठोकणार नाही’ हे कलम मी आग्रहाने घालून घेतले, आणि आता खिळ्याचा विषय निघालाच आहे तर वाचकांनी थोडा धीर धरावा, कारण या विषयावर माझे चिंतन दीर्घ आहे. वाड्यात खिळ्याची गरजच नसे. भिंत हात-दीड हात रुंदीची. तिच्यात बांधतानाच खुंट्या बसवलेल्या, दिव्याला कोनाडा, डब्यांना फडताळ. बिऱ्हाडकरू येईल तो कोट, टोपी आणि देव घेऊनच येईल, हे त्या मालकाने आधीच मान्य केलेले असे. आजच्या बिल्डरने चार इंचांची गुळगुळीत भिंत दिली आणि कोट-टोपीचा प्रश्न भाडेकरूच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोडला. पहिला खिळा कालनिर्णयासाठी येतो. तो निरुपद्रवी भासतो. दुसरा आरशासाठी, तिसरा घड्याळासाठी. चौथ्या खिळ्यावर दत्तगुरू विराजमान झाले की त्यांना करारातले कलम दाखवून खाली उतरवण्याची छाती कोणत्या मालकाची आहे? आणि पाचव्या खिळ्यावर चंदनी हार घातलेले आजोबा आले, म्हणजे ते बिऱ्हाड तुमच्या घरात तीन पिढ्यांचे झाले असे खुशाल समजावे.

ही भीती निराधार म्हणता येत नाही. १ फेब्रुवारी १९७३ रोजी लिव्ह अँड लायसन्सच्या चालू करारावर राहत असलेली, म्हणजे कागदोपत्री पाहुणी असलेली मंडळी कायदेदुरुस्तीने भाडेकरू ठरली, आणि मालकवर्गाच्या उरात जी धडकी भरली ती अजून अकरा महिन्यांच्या करारांतून ऐकू येते. पुढे १९९९ च्या कायद्याने मालकाला बराच दिलासा दिला. करार नोंदवणे सक्तीचे झाले, मुदत संपूनही न हलणाऱ्यावर दुप्पट आकार बसला. तरीही धडकी वारसाहक्काने चालूच आहे, तिला नोंदणीची आवश्यकता नसते.

पहिले बिऱ्हाड लातूरकडच्या एका तरुण जोडप्याचे, पदरी एक मुलगी. काही महिन्यांनी मी मालकाच्या ऐटीत मिळकतीची पाहणी करण्यास गेलो. खिशात किल्ली असून स्वतःच्या दाराची घंटा वाजवावी लागणे, स्वतःच्याच घरात पाहुण्याच्या खुर्चीवर बसावे लागणे आणि वर ‘काका, चहा साखरेचा की बिनसाखरेचा?’ या प्रश्नास उत्तर द्यावे लागणे, या तिन्ही अवस्थांतून मी गेलो. चहा घेता घेता डोळ्यांनी खिळे मोजू लागलो. एकही नव्हता. कॅलेंडर फ्रिजवर आडवे पडले होते, घड्याळ खिडकीच्या कठड्यावर टेकले होते, गणपतीची तसबीर पाटावर भिंतीला पाठ लावून बसली होती, आणि मुलीने काढलेले हत्तीचे चित्र कपाटाच्या दारावर कणकेने चिकटवले होते. माझे कलम इतके तंतोतंत पाळलेले पाहून मला आनंद व्हायला हवा होता. प्रत्यक्षात मला त्या आज्ञाधारक कुटुंबाचा विलक्षण राग आला आणि मी चहा अर्धा ठेवून उठलो.

ते गावी परतल्यावर एका इस्पितळातील परिचारिका घर पाहण्यास आली. एकटी राहणारी, रात्रपाळी करणारी. सोसायटीच्या कमिटीने मला बोलावून तिचे पूर्ण नाव विचारले, मग पूर्ण नावातले आडनाव पुन्हा विचारले, मग स्वयंपाकात काय शिजते, मग येणारेजाणारे कोण. जातीचा उच्चार न करता जात विचारण्याची ही कला आपल्याकडे फार जुनी आहे. माझे वडील कोकणातून पुण्यात आले तेव्हा कित्येक वाड्यांत भाड्याचा आकडा निघण्यापूर्वीच आडनाव निघाले होते आणि खोली नुकतीच दिल्याचे त्यांना कळवण्यात आले होते. हे ते न रागावता सांगत. मला ते त्यांच्या न रागावण्यासकट आठवते. पहिल्या तारखेला भाडे देणाऱ्याच्या ताटात काय वाढले आहे, हे पाहण्याचा अधिकार मालकाला कोणत्या कलमाने दिला, ते दाखवा, असे मी कमिटीस विचारले, आणि आवाज चढल्याबद्दल क्षमा मागितली नाही.

बाईंनी करारनामा अथपासून इतिपर्यंत वाचला. इतके मी स्वतःही केले नव्हते. खिळ्याच्या कलमापाशी थांबून त्यांनी पेन काढले. “काका, मला सहा लागतील. कुठे कुठे ते सांगते, लिहून घ्या.” मी १९७३ सालाचा दाखला देण्याचा विचार केला, त्या वेळी त्यांचा जन्मही झाला नसावा.

“ड्रिल मशीन माझ्याकडे आहे,” त्या म्हणाल्या, “शिडी तेवढी तुम्ही आणा.”

रविवारी त्या वर चढल्या. मिळकतीचा निर्वेध, नोंदणीकृत आणि करदाता मालक या नात्याने मी खाली शिडी धरून उभा होतो आणि दुसरा खिळा किंचित डावीकडे हवा होता, असे माझे मत त्यांना कळवीत होतो. त्यांनी ते विचारात घेतले नाही.