दिवाळं काढायचं, पण कुठल्या कायद्यानं?

(डोंबिवली एमआयडीसीचा निवासी भाग. मधल्या भिंतीच्या अलीकडे वहिनी, पलीकडे ठाण्याच्या कोर्टातून निवृत्त झालेले नाना.)

"वहिनी, शेंगा काढून घ्या, शेवगा तुमच्याच बाजूला झुकलाय. आणि काल भाचा आला होता ना कल्याणहून? तोंड एवढंसं झालेलं."

"होणारच की हो नाना! तीन क्रेडिट कार्डं, मोबाइल अ‍ॅपवरची दोन कर्जं, वर खडकपाड्याच्या फ्लॅटचा हप्ता. याचं फेडायला त्याच्याकडून उचललं. आता म्हणतो, मामी, मी दिवाळखोरी जाहीर करतो. अमेरिकेत म्हणे चॅप्टर सात की तेरा, हे आपलं आपण निवडायचं."

"अमेरिकेतलं अमेरिकेत! आपल्या २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यातही तीन दारं आहेत. एकात कर्जमाफी, दुसऱ्यात परतफेडीचा आराखडा, तिसऱ्यात सरळ दिवाळखोरी. माफीला वर्षाची मिळकत साठ हजारांच्या आत हवी, मालमत्ता वीस हजारांच्या आत, कर्ज पस्तीस हजारांच्या आत, आणि स्वतःचं घर नको."

"अगंबाई! यात बसणार कोण?"

"बसून तरी काय? तुमच्या-माझ्यासारख्यांना ती दारं अजून उघडलेलीच नाहीत. १ डिसेंबर २०१९ पासून लागू झालं ते कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरतं. म्हणजे उरला जुना कायदा. मुंबईला १९०९ चा, हायकोर्टात. आपल्या ठाणे जिल्ह्याला १९२० चा, जिल्हा न्यायालयात. पाचशे रुपये देणं असलं तरी नादारीचा अर्ज करता येतो."

"पाचशे? मग अर्धी डोंबिवली रांग लावेल!"

"लावू दे. नादार ठरला की मालमत्ता रिसीव्हरच्या ताब्यात. तो विकणार, देणेकऱ्यांना वाटणार. नेसूचे कपडे, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, बाईचं मंगळसूत्र, प्रॉव्हिडंट फंड, यांना हात लागत नाही."

"आणि फ्लॅट?"

"तो बँकेकडे गहाण ना? मग नादारीनं गहाणवाल्या बँकेचा हात धरता येत नाही. साठ दिवसांची नोटीस, मग ताबा. शिवाय कर्जातून मुक्तता मिळायला पुन्हा वेगळा अर्ज. ती मिळेपर्यंत नादारी लपवून पन्नास रुपयांची उधारी केली तरी गुन्हा! आमदारकीलाही उभं राहता येत नाही."

"ती हौस नाही हो त्याला, नशीब. पण मग करावं काय पोरानं?"

"आधी घराचा हप्ता. थकायच्या आत बँकेत लेखी अर्ज द्यायचा, मुदत वाढवून मागायची. कार्डवाल्यांशी तडजोड करायची, लोक अदालतीतही होते. सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा पडेल, पुढची काही वर्षं नवं कर्ज मिळणं कठीण. पडू दे. पण पैसे भरण्याआधी तडजोडीचं पत्र हातात हवं. आणि वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी, संध्याकाळी सातनंतर फोन करायची परवानगी नाही, रिझर्व्ह बँकेनंच सांगितलंय. रात्री आला तर नंबर, वेळ लिहून ठेवायची, तक्रार करायची."

"मी म्हणत होते, माझ्या पाटल्या मोडून द्याव्यात. नाहीतर ह्यांनी जामीन राहावं."

"खबरदार! तो नवं कर्ज काढायचं थांबवत नाही तोवर पाटल्याही नाहीत आणि सहीही नाही. एका घरात एक कर्जबाजारी पुरे, वहिनी."