गाडी डॉक्टरची, दुखणं आपलं

जुन्या गाड्यांच्या बाजारात सामान्य माणसाची गाडी कधी मिळत नाही. एक तर ती डॉक्टरची असते, नाहीतर रिटायर्ड बँक मॅनेजरची. तेही नसेल तर मुलाकडे अमेरिकेला गेलेल्या काकांची, सोसायटीत कव्हर घालून ठेवलेली. मग रोज घाटात गाड्या ठोकतं तरी कोण?

‘फर्स्ट ओनर, नॉन-ॲक्सिडेंटल, शोरूम मेंटेन्ड’ हे डीलर एका दमात म्हणतो. हेच पावतीवर लिहून द्या म्हटलं, की त्याला अचानक चहा मागवायचं सुचतं.

दोष म्हणे छुपा होता. कोणापासून? डेंटिंगवाल्याला ठाऊक, पेंटरला ठाऊक, मीटर मागे घेणाऱ्याला ठाऊक, गाडी धुणाऱ्या पोऱ्यालाही ठाऊक. ठाऊक नसतो तो फक्त पैसे मोजणाऱ्याला.

जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९७० साली नेमकं हेच लिहिलं. तीन नियतकालिकांनी निबंध साभार परत केला. २००१ साली त्याला नोबेल मिळालं. आपल्याकडे एवढं कळायला एक पावसाळा पुरतो.

पावसाळ्यावरून आठवलं. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं, २०२१ मध्ये चिपळूण. त्या पाण्यातल्या गाड्या गेल्या कुठे? दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की कंपनी गाडी टोटल लॉस धरते. पण तो सांगाडाही कोणीतरी विकत घेतं. अंगणात शोभेला ठेवायला नक्कीच नाही.

म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. टोकाला गाळाची रेघ सापडते, कारण गाडी धुणारा तिथवर जात नाही. सीटखालच्या पट्ट्या बघा, स्टेपनी उचला. आणि आत मोगऱ्याचा घमघमाट असेल, तर तो कशावर मारलाय ते विचारा.

जुनी विमा पॉलिसीही मागा. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस ५० टक्के असतो. क्लेम घेतला की थेट शून्य. गाडी सहा वर्षांची, मालक पहिलाच, ‘ओरखडासुद्धा नाही साहेब’ आणि बोनसच्या रकान्यात शून्य? एक तर मधे विमा बंद पडला होता, नाहीतर ओरखडा चांगलाच महागातला होता.

पण हे बघायला वेळ कुणाला? तुम्ही अकराची वेळ सांगता, इंजिन पावणेअकरालाच गरम केलेलं असतं. थंड गाडी सुरू होताना खोकते, ते ऐकू येऊ नये म्हणून. टेस्ट ड्राइव्ह म्हणजे कॉलनीला एक चक्कर, एसी फुल, गाणी त्याहून फुल. बॉनेटला हात लावून बघायचा, तर आपण हात फिरवतो सीट कव्हरवर.

पंधराव्या दिवशी गिअरबॉक्स बोलायला लागतो. डीलर बोलायचा थांबतो.

फार मागे लागलात तर एकच वाक्य ऐकू येतं : ‘तुम्हीच चालवून बघितली ना, साहेब?’ त्याला ठाऊक नसेल, पण त्याच्या तोंडून १९३० चा मालविक्री कायदा बोलत असतो. माल तपासून घेतला असेल, तर तपासणीत जे दिसायला हवं होतं त्याबद्दल नंतर ओरडता येत नाही. जे दिसूच शकत नव्हतं, त्याबद्दल मात्र येतं. गिअरबॉक्स उघडून टेस्ट ड्राइव्ह कोण घेतो?

तेव्हा आधी दुसऱ्या गॅरेजचा लेखी रिपोर्ट, फोटो, मग नोटीस. आपण करतो उलटं. आधी दुरुस्ती, मग भांडण. पुरावा भंगारात आणि बिल आपल्या खिशात.

दुसरी ढाल म्हणजे ‘मी फक्त मधला माणूस, मालक वेगळा.’ १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि रीतसर ताब्यात आलेल्या गाडीचा मालक तोच मानला जातो. ते अधिकारपत्र भिंतीवर कुठे लावलंय विचारा. भिंतीवर बहुधा गणपती असतो.

राहिला ग्राहक आयोग. तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं. मोजलेली किंमत ५ लाखांच्या आत असेल तर फीसुद्धा नाही. निकाल तीन महिन्यांत, तांत्रिक तपासणी लागली तर पाच, असं २०१९ चा कायदा म्हणतो. बोलायला कायदाही गोड आहे. डीलरसारखाच.

आणि डीलरला दोष दिसत नाहीत, असं मात्र म्हणू नका. तीच गाडी दोन वर्षांनी त्यालाच विकायला न्या. दाराचं रबर नखाने उचलतो : ‘पिलरला काम झालंय.’ बॉनेटचे बोल्ट बघतो : ‘खोललेत.’ खाली वाकतो : ‘गंज आहे.’ तीन मिनिटांत लाखभर रुपये उतरलेले असतात. शेवटी किल्ली फिरवून मीटरकडे बघतो आणि हळहळतो.

‘एवढीच चालली? मीटर मागे घेतलंय कुणीतरी, साहेब.’