पाहिजेत : दुसऱ्यांना परदेशी धाडणारे

इमिग्रेशनच्या धंद्याला मंदी ठाऊक नाही. दार उघडं असलं की आत कसं जायचं हे विचारायला लोक येतात, बंद झालं की आता काय करायचं हे विचारायला. फी दोन्ही वेळा पडते. तेव्हा या क्षेत्रात इंटर्नशिप शोधणाऱ्या मुलामुलींची निवड चोख आहे. अडचण एवढीच, की दुसऱ्याला आत घ्यायचं तर आधी स्वतः आत असावं लागतं.

कॅनडात पैसे घेऊन व्हिसाचा सल्ला द्यायचा तर परवाना लागतो. क्वीन्स विद्यापीठाची पदविका घ्या, परीक्षा द्या, सगळं खरं. पण उमेदवार मुळात कॅनडाचा नागरिक किंवा कायम रहिवासी हवा. ऑस्ट्रेलियात तीच गत, फक्त शेजारच्या न्यूझीलंडच्या नागरिकांना सवलत.

अमेरिकेची तऱ्हा आणखी न्यारी. तिथल्या नागरिकत्व व इमिग्रेशन खात्यात नोकरी अमेरिकी नागरिकालाच. ज्याने जन्मात व्हिसाचा अर्ज भरला नाही, तो इतरांचे अर्ज तपासायला लायक. नाशिकहून शिकायला गेलेल्या, व्हिसाच्या डीएस-१६० अर्जापासून शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीपर्यंतचे (ओपीटी) फॉर्म तोंडपाठ असलेल्या मुलीला मात्र तिथे प्रवेश नाही. ती एखाद्या इमिग्रेशन वकिलाकडे पगारी इंटर्नशिप करायला निघाली, तर आधी विद्यापीठाकडून आय-२० या दाखल्यावर सीपीटीची, म्हणजे शिकता शिकता काम करण्याच्या परवानगीची, नोंद करून आणायची. पहिला अशील ती स्वतःच!

कामाला मात्र तोटा नाही. इमिग्रेशन कोर्टांत तीस लाखांहून अधिक प्रकरणं तुंबलेली, आणि हद्दपारीच्या खटल्यातही सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नाही. म्हणून तिथल्या लॉ कॉलेजांच्या क्लिनिकमध्ये विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली खरे खटले चालवतात. मान्यताप्राप्त सेवाभावी संस्थेत तर न्याय खात्याची परवानगी घेतलेला, वकील नसलेला माणूसही अशिलाची बाजू मांडतो. इथे थट्टा थांबवावी लागते. हे काम खरोखर शिकण्याजोगं आहे.

एवढा व्याप नको असेल त्याने आपल्याच गावात राहावं. आपल्याकडे परदेशात नोकरी लावणाऱ्या एजंटाला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी करावी लागते, आणि सेवाशुल्काला ३०,००० रुपये अधिक जीएसटी ही मर्यादा आहे. हा जाच आखातात वेल्डर पाठवणाऱ्याला. लेकाच्या शिक्षणासाठी बापाला घर गहाण टाकायला लावणाऱ्या सल्लागाराला हा कायदा लागू नाही. त्याला एसी, काचेचं टेबल आणि त्यावर पाच देशांचे चिमुकले झेंडे पुरतात. टेबलामागे नुकतीच बीकॉम झालेली 'सीनियर काउन्सेलर'. तिचा स्वतःचा पासपोर्ट अजून निघायचाय, पण ती मेलबर्नचं घरभाडं घडाघडा सांगते, प्रवेशअर्जासोबतचं निवेदन (एसओपी) लिहून देते आणि महिन्याचं टार्गेट गाठते. २०२३ साली कॅनडात शेकडो भारतीय विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रंच बनावट निघाली, तेव्हा हद्दपारीच्या नोटिसा विद्यार्थ्यांना आल्या. टेबलावरचे झेंडे जागच्या जागी राहिले.

सरळ मार्गाने जाणाऱ्यांसाठी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची इंटर्नशिप आहे, मानधनासह. आणि मुलाला परदेशी नोकरीला धाडणाऱ्या पालकांनी पैसे मोजण्याआधी एजंटाचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा, तो ई-मायग्रेट पोर्टलवरच्या यादीत पडताळावा. त्याला फी पडत नाही.